कोर्टाची पहिली तारीख : नोटीस हातात पडल्यापासून पुकाऱ्यापर्यंत काय करायचे?

घटस्फोट, पोटगी किंवा मुलाच्या ताब्याच्या प्रकरणात पहिल्यांदाच कोर्टात जाणाऱ्यांनी कोणती तयारी करावी? कोणती कागदपत्रे लागतात, मोफत वकील कोणाला मिळतो, शेतीचे उत्पन्न कसे दाखवायचे आणि तारीख चुकली तर काय होते? जाणून घ्या सविस्तर.

धाराशिव : शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण घराघरात ठाऊक आहे. पण घटस्फोटाची किंवा पोटगीची नोटीस दारात आली की ही म्हण उपयोगाची राहत नाही. पायरी चढली नाही, तर निकाल आपल्या गैरहजेरीत लागण्याचा धोका असतो. अनेक कुटुंबांत कोर्टात जाण्याची ही पहिलीच वेळ असते. गावातले चार जण चार सल्ले देतात. कोणी म्हणते, ‘नोटीस घेऊच नका’. कोणी म्हणते, ‘पहिल्या तारखेला काही होत नसते’. हे दोन्ही सल्ले महागात पडू शकतात.

आधी नोटीस नीट वाचा

कौटुंबिक वाद म्हटले की सगळी प्रकरणे एकाच न्यायालयात जातात, असा समज असतो. प्रत्यक्षात तसे नाही. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चा. जिथे असे न्यायालय स्थापन झाले आहे, तिथे घटस्फोट, नांदायला येण्याची मागणी, पोटगी, मुलाचा ताबा हे विषय त्याच्याकडे जातात. जिथे ते नाही, तिथे हिंदू विवाह कायद्याखालची याचिका साधारणपणे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालते. पोटगीचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्जही सहसा न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेच असतो.

म्हणून एकाच जोडप्याची दोन-तीन प्रकरणे वेगवेगळ्या दालनांत, कधी वेगवेगळ्या गावांत सुरू असतात. नोटिशीवर पाच गोष्टी पाहाव्यात :

• न्यायालयाचे पूर्ण नाव व ठिकाण : धाराशिव शहरातले की तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा, वाशी यांपैकी तालुक्याचे

• प्रकरणाचा क्रमांक व वर्ष

• कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली दावा आहे

• तारीख आणि वेळ

• सोबत याचिकेची प्रत जोडली आहे का

कलमावरून प्रकरण ओळखता येते. हिंदू विवाह कायद्याचे कलम १३ म्हणजे घटस्फोट, १३-ब म्हणजे परस्पर संमतीने घटस्फोट, ९ म्हणजे नांदण्यासाठीचा दावा, २४ म्हणजे दावा चालू असतानाची अंतरिम पोटगी. फौजदारी प्रक्रिया संहितेतील पोटगीचे जुने कलम १२५ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. जुन्या कागदांवर १२५ दिसले, तरी विषय तोच.

जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले. लग्नपत्रिका, जन्मदाखला, जुने आदेश यांवर उस्मानाबाद असेल तर त्याने काही बिघडत नाही. ऑनलाइन शोधताना मात्र दोन्ही नावे टाकून पाहावीत.

नोटीस टाळली तर काय होते?

नोटीस घ्यायला नकार दिला म्हणजे प्रकरण थांबते, हा सर्वात मोठा गैरसमज आहे. नकार दिल्यास बेलिफ तसा अहवाल देतो, नोटीस दाराला चिकटवता येते, आणि न्यायालय ती बजावली गेल्याचे मानू शकते. संबंधित व्यक्ती घरी नसेल आणि लवकर भेटण्याची शक्यता नसेल, तर सोबत राहणाऱ्या घरातील प्रौढ व्यक्तीकडेही दिवाणी समन्स देता येते.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी हा मुद्दा कळीचा आहे. दिवाळीच्या सुमारास जोडपे फडावर जाते, नोटीस गावाकडे म्हाताऱ्या आई-वडिलांच्या हाती पडते, कोनाड्यात राहते आणि हंगाम संपेपर्यंत तीन-चार तारखा निघून जातात. अशा वेळी नोटिशीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून मुलाला किंवा मुलीला त्याच दिवशी पाठवणे एवढे काम घरच्यांनी केले तरी पुष्कळ होते.

गैरहजर राहिल्यास न्यायालय एकतर्फी सुनावणी घेऊ शकते. दिवाणी दाव्यात एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. पोटगीचा एकतर्फी आदेश रद्द करण्यासाठी ही मुदत तीन महिन्यांची आहे. दोन्हीकडे गैरहजेरीचे सबळ कारण द्यावे लागते. उलट दावा करणाराच तारखेला आला नाही, तर त्याचा दावा गैरहजेरीमुळे निकाली निघू शकतो.

आजारपण, बाळंतपण किंवा घरातील मृत्यू यामुळे येणे शक्यच नसेल, तर वकिलामार्फत मुदतीचा अर्ज द्यावा. सोबत कागद जोडावा. बाहेरगावी असल्यास व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने हजर राहण्याची परवानगी मागता येते. ती द्यायची की नाही, हे न्यायालय ठरवते.

घर इथे, तारीख परगावी

घटस्फोटाची याचिका लग्न जिथे लागले, समोरचा पक्ष जिथे राहतो किंवा दोघे शेवटचे एकत्र जिथे राहिले, तिथे दाखल करता येते. पत्नी अर्जदार असेल तर ती सध्या जिथे राहते तिथेही तिला याचिका करता येते. २००३ च्या दुरुस्तीने हा अधिकार मिळाला. त्यामुळे पुण्यात नांदत असलेली आणि आता कळंबला माहेरी राहणारी महिला याच जिल्ह्यात याचिका करू शकते.

पतीने पुण्यात दावा केला आणि पत्नी तान्ह्या बाळासह माहेरी असेल, तर प्रकरण इकडे वर्ग करण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करता येतो. धाराशिव जिल्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत येतो. उमरगा भागात मात्र आणखी एक अडचण असते. तिथल्या सोयरिकी कर्नाटकात पसरलेल्या आहेत. कर्नाटकातील न्यायालयातून दावा महाराष्ट्रात आणायचा असेल, तर त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. अर्ज केला म्हणून आधीच्या न्यायालयातील तारीख आपोआप रद्द होत नाही. स्थगिती मिळेपर्यंत तिथे हजेरी द्यावीच लागते.

वकील नसेल तर?

कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ नुसार तिथे वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नाही. न्यायालयाची परवानगी लागते, आणि व्यवहारात ती बहुतेक वेळा मिळते. दिवाणी न्यायालयात किंवा न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अशी अट नाही.

पैशाअभावी वकील देता येत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. तालुक्याच्या ठिकाणी तालुका विधी सेवा समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमातीतील व्यक्ती, दिव्यांग, कोठडीतील व्यक्ती आदींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० असा आहे. याशिवाय पोटगी, घटस्फोट, मालमत्ता व हिंसाचाराच्या प्रकरणांत महाराष्ट्रात महिलांना कोर्ट फी माफ आहे.

वकिलाला भेटताना नोटीस व याचिकेची संपूर्ण प्रत द्यावी. वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचून घ्यावे. कोऱ्या कागदावर सही करू नये. फी किती, प्रत्येक तारखेला किती, याचे बोलणे आधीच करावे.

कोणती कागदपत्रे जमवायची?

पहिल्या तारखेला सगळे पुरावे मागितले जात नाहीत. पण लेखी म्हणणे देण्याची मुदत लगेच सुरू होते. दिवाणी दाव्यात ती समन्स मिळाल्यापासून ३० दिवस असते, कारण दाखवल्यास ९० दिवसांपर्यंत वाढवून मिळू शकते. म्हणून कागद आधीच जमवलेले बरे.

• आधार, पत्त्याचा पुरावा आणि पासपोर्ट आकाराचे फोटो

• विवाह नोंदणीचा दाखला. तो नसेल तर लग्नपत्रिका, लग्नातील फोटो

• मुलांचे जन्मदाखले, शाळेची फी व औषधोपचाराची बिले

• पगारपत्रक, बँकेचे पासबुक, आयकर विवरण असल्यास त्याची प्रत

• पोलिस तक्रार, दवाखान्याचे कागद, आधीचे कोर्टाचे आदेश

• स्त्रीधन व लग्नात दिलेल्या वस्तूंची यादी, मिळतील तेवढ्या पावत्या

आधारवर माहेरचे नाव आणि रेशन कार्डावर सासरचे नाव असेल, तर ते वकिलाला आधीच सांगावे. मूळ कागद कोणाकडेही देऊ नयेत. छायांकित प्रतींचे दोन संच करावेत. लग्नापासून आजपर्यंतच्या घटना तारखेनुसार एका पानावर लिहून काढाव्यात. नेमकी तारीख आठवत नसेल, तर ‘नागपंचमीच्या आसपास’ असे लिहिले तरी चालते. अंदाजाने तारीख ठोकून देऊ नये, कारण पुढे उलटतपासणीत तीच अंगाशी येते.

सातबारा वडिलांच्या नावावर, मग पोटगी कशी ठरते?

पोटगीच्या प्रकरणांत सर्वाधिक वाद उत्पन्नावरून होतो. या प्रश्नावरचा आज देशभर लागू असलेला निकाल महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून आला. पत्नी व लहान मुलाने २०१३ मध्ये अंतरिम पोटगीचा अर्ज केला. कौटुंबिक न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये पत्नीला दरमहा १५ हजार रुपये आणि मुलाला आधी ५ हजार, नंतर १० हजार रुपये मंजूर केले. पती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला. तिथे २०१८ मध्ये त्याची याचिका फेटाळली गेली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. अंतरिम म्हणजे तातडीची मदत, पण तिच्यावरचा वाद सात वर्षे चालला.

‘रजनेश विरुद्ध नेहा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्व न्यायालयांसाठी नियम घालून दिले. पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्षांनी उत्पन्न, खर्च, मालमत्ता व कर्ज यांचे शपथपत्र द्यायचे. समोरच्या पक्षाने उत्तरासह ते जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यायचे. त्यासाठी दोनपेक्षा जास्त संधी द्यायच्या नाहीत. जाणूनबुजून टाळाटाळ केल्यास त्याचा बचाव रद्द करण्याचाही अधिकार न्यायालयाला आहे. अंतरिम पोटगीचा अर्ज चार ते सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा. पोटगी द्यायची ती अर्जाच्या तारखेपासून.

धाराशिवसारख्या शेतीवर चालणाऱ्या जिल्ह्यासाठी या निकालातील एक भाग विशेष महत्त्वाचा आहे. न्यायालयाने शेतकऱ्यांसाठी शपथपत्राचा वेगळा नमुना दिला आहे. त्यात विचारले जाते : जमीन किती, की त्यात हिस्सा किती? बागायत की कोरडवाहू? वर्षभरात कोणती पिके घेतली? गेल्या तीन वर्षांत किती उत्पन्न आले? बटईने जमीन केली आहे का? गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या किती, त्यांपासून किती मिळते? जमिनीवर कर्ज किती?

म्हणजेच ‘सातबारा वडिलांच्या नावावर आहे, माझ्याकडे काही नाही’ एवढे सांगून भागत नाही. एकत्र कुटुंबातील हिस्सा, बटईचे उत्पन्न, दारातल्या उस्मानाबादी शेळ्या हे सगळे त्यात येते. धडधाकट माणूस कमावू शकतो, असे न्यायालये गृहीत धरतात. दुसरीकडे, ज्याचे सोयाबीन पावसात खरोखर गेले आणि ज्याच्यावर पीककर्ज आहे, त्यालाही आपली स्थिती मांडायची हीच जागा आहे. त्यासाठी पुढील कागद उपयोगी पडतात :

• सातबारा, ८-अ आणि ई-पीक पाहणीची नोंद

• आडत दुकानाची किंवा बाजार समितीची पट्टी

• साखर कारखान्याचे ऊसबिल, दूध संस्थेचा हिशेब

• पीक विमा व अनुदान जमा झाल्याच्या नोंदी असलेले पासबुक

• सोसायटी किंवा बँकेच्या कर्जाचा उतारा

पत्नीलाही असेच शपथपत्र द्यावे लागते. शिवणकाम, रोजंदारी, खासगी नोकरी यांतून येणारे पैसे लपवू नयेत. थोडेफार कमावते म्हणून पोटगीचा हक्क आपोआप जात नाही. मात्र खोटे शपथपत्र उघड झाले, तर कारवाई होऊ शकते आणि बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही उडतो.

दोन कायद्यांखाली पोटगी मागितली असेल, तर आधीच्या आदेशाची माहिती देणे बंधनकारक आहे. नंतरचे न्यायालय आधीची रक्कम वजा किंवा समायोजित करू शकते.

मोबाइल सांभाळा

आज निम्मे भांडण व्हॉट्सॲपवर झालेले असते. संदेश, फोटो, रेकॉर्डिंग पुरावा म्हणून देता येतात. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यामुळे मूळ फोन विकू नये, चॅट पुसू नये, निवडक स्क्रीनशॉटवर विसंबू नये. पती-पत्नीतील गुपचूप रेकॉर्ड केलेले संभाषणही वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून येऊ शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२५ रोजी दिला. म्हणून नोटीस आल्यानंतर रागाच्या भरात फोन करणे, स्टेटस ठेवणे, नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिणे टाळलेलेच बरे.

तारखेच्या दिवशी काय होते?

परंडा किंवा उमरग्याहून जिल्ह्याला येणाऱ्यांनी सकाळची पहिली एसटी धरावी. कामकाज सुरू होण्याच्या अर्धा तास आधी पोहोचावे. दालनाबाहेर त्या दिवसाचा बोर्ड लागलेला असतो. त्यावर आपला क्रमांक पाहावा आणि बेंच क्लार्कला हजर असल्याचे सांगावे. नावाचा पुकारा झाला की आत जायचे. पुकाऱ्याच्या वेळी चहाला गेल्यामुळे गैरहजेरी लागल्याची उदाहरणे प्रत्येक कोर्टात ऐकायला मिळतात.

पहिल्या दिवशी बहुतेक वेळा काही मिनिटांचेच काम असते. प्रत मिळाली का, वकील दिला का, तडजोडीची शक्यता आहे का, एवढे विचारले जाते आणि पुढची तारीख मिळते. त्या दिवशी सगळी कहाणी सांगायची नसते. विचारले तेवढेच, ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’ म्हणून, शांतपणे सांगावे. प्रश्न कळला नाही तर ‘परत सांगा’ म्हणायला संकोच करू नये. कोर्टात मराठीत बोलता येते.

जीप भरून भावकी नेण्याची गरज नाही. एक समजूतदार माणूस सोबत पुरे. कौटुंबिक न्यायालयात कोणत्याही पक्षाने मागणी केल्यास सुनावणी बंद दालनात होते. इतरांना बाहेर थांबावे लागते. मोबाइल बंद ठेवावा. चित्रीकरण करू नये. आवारात समोरच्या पक्षाशी वाद घालू नये. जिवाला धोका वाटत असेल तर वकिलाला व न्यायालयाला तसे आधीच सांगावे. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

समुपदेशनाला घाबरू नका, घाईही करू नका

पक्षकारांत समेट घडवण्याचा प्रयत्न करणे हे कौटुंबिक न्यायालयाचे कायद्याने ठरवलेले काम आहे. त्यासाठी विवाह समुपदेशक असतात. इतर न्यायालयांतून प्रकरण मध्यस्थीसाठी पाठवले जाते. तिथे दोघांना एकत्र व स्वतंत्र बसवून बोलते करतात. समेट म्हणजे परत नांदायला जाणे एवढाच अर्थ नाही. पोटगी किती, मूल कोणाकडे, भेट कधी, दागिने परत कसे, यावर सन्मानाने वेगळे होण्याची तडजोडही तिथे होऊ शकते.

मात्र दबावाखाली सही करू नये. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीवर अपील करता येत नाही. मसुदा घरी नेऊन वाचण्यासाठी वेळ मागता येतो. रक्कम, तारीख, हप्ते, दागिन्यांचे वजन हे सगळे तडजोडपत्रात स्पष्ट असावे.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. वेगळे राहण्याचा काळ, तडजोडीची स्थिती पाहून न्यायालय ही अट शिथिल करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे.

बाँडवरची सोडचिठ्ठी चालते का?

गावात पंचांसमोर बाँड पेपरवर लिहिलेली, नोटरी केलेली सोडचिठ्ठी अनेकांना घटस्फोटच वाटते. हिंदू विवाह कायद्यानुसार घटस्फोट न्यायालयाच्या हुकूमनाम्याने होतो. एखाद्या समाजात रूढीने सोडचिठ्ठीची प्रथा असेल, तर ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. अशा कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न केल्यास नवी जोडीदारही अडचणीत येते.

मुस्लिम महिलांना १९३९ च्या कायद्याने न्यायालयातून विवाहविच्छेद मागता येतो. एका दमात दिलेला तीन तलाक २०१९ च्या कायद्याने अवैध व गुन्हा ठरला आहे. घटस्फोटित मुस्लिम महिलाही कलम १२५ खाली पोटगी मागू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी पुन्हा स्पष्ट केले.

मुलांना कोर्टात न्यावे का?

न्यायालयाने सांगितल्याशिवाय मुलांना नेऊ नये. ताबा देताना मुलाचे हित सर्वात आधी पाहिले जाते. पाच वर्षांखालील मूल साधारणपणे आईकडे राहते. ‘साहेबांसमोर असे बोल’ म्हणून मुलाला पढवणे न्यायाधीशांच्या लक्षात येते. त्याचा तोटा पढवणाऱ्यालाच होतो. दावा चालू असताना मुलाची शाळा बदलणे, दुसऱ्या पालकाला भेटू न देणे याही गोष्टी पुढे विचारल्या जातात.

दालनातून बाहेर पडताना

पुढची तारीख आणि ती कशासाठी आहे, हे लिहून घ्यावे. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस या मोफत ॲपवर सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख व आदेश दिसतात. हा १६ अक्षर-अंकी क्रमांक एकदा जतन करून ठेवावा. पोटगी सुरू झाल्यास रक्कम शक्यतो बँक खात्यातच द्यावी-घ्यावी. हातात दिलेल्या पैशांची पावती नसेल, तर दोन्ही बाजूंना नंतर ते सिद्ध करणे अवघड जाते. थकलेल्या पोटगीच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो, ही मुदतही लक्षात ठेवावी.

आदल्या रात्री पिशवीत काय?

• नोटीस व याचिकेची प्रत

• आधार, दोन फोटो, पेन, कोरे कागद

• कागदपत्रांच्या प्रतींचे दोन संच, मूळ कागद वेगळ्या पाकिटात

• घटनाक्रमाचे एक पान

• वकिलाचा नंबर कागदावर लिहून (मोबाइलची बॅटरी संपू शकते)

• पाणी, डबा, नेहमीच्या गोळ्या. लहान बाळ सोबत आणावेच लागले तर त्याचे दूध व कपडे

• परतीच्या गाडीची वेळ. काम दुपारनंतरही लांबू शकते